धोंड्याच्या वाणातलं इंजिन

लातुरात फिजिक्स शिकवावं तर हणमंत सरांनीच, आणि खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन ओळखावं तर तेही हणमंत सरांनीच! "न उघडता सांगतो, आतली मशीन जुनी का नवी," ते क्लासमध्ये छातीठोकपणे सांगत. "पर्याय वगळत जायचं. उरंल ते उत्तर!"

एक पर्याय मात्र सरांना वगळता येत नव्हता, तो म्हणजे त्यांचे धाकटे साडू सर्वेशराव. नांदेडात केमिस्ट्रीचा तुडुंब भरलेला क्लास, चौकाचौकात हसऱ्या फोटोचे फलक, आणि इंजिनं जमवायचा छंद तर सरांचाच बघून उचललेला! त्यांचं नाव निघालं तरी सरांच्या पोटात दुखायचं.

अशात अधिक महिना आला. धर्माबादच्या सासऱ्यांनी, मारोतरावांनी, दोन्ही जावयांना धोंडे जेवायला बोलावलं आणि चांदीच्या निरांजनाऐवजी खोक्यात घातलेलं एकेक लाल इंजिन वाण दिलं. दिसायला अगदी जुळी भावंडं!

"सारखीच हायेत ना मामा?" सरांनी विचारलं.

"जावई सारखे, तर वाण बी सारखंच की!" मारोतराव गालात हसले.

त्या हसण्यानं सरांचं जेवणातलं लक्ष उडालं. दुपारी घर घोरायला लागल्यावर त्यांनी दोन्ही इंजिनं उलटी केली. स्वतःच्या इंजिनाला खाली एकच स्क्रू. सर्वेशरावांच्या इंजिनाला दोन!

सर पर्याय वगळू लागले. एक स्क्रू म्हणजे आत सामान कमी. सामान कमी म्हणजे मशीन जुनी, दोनच चाकं ओढणारी, चढावर धापा टाकणारी. दोन स्क्रूवाली नवी, सगळी चाकं फिरवणारी! "थोरल्याला जुनं आन् धाकट्याला नवं? हा काय न्याय हाय?" सरांचा नुसता जळफळाट झाला. त्यांनी खोक्यांतली इंजिनं अदलाबदल केली आणि गाढ झोपले.

चहाच्या वेळी पाटावर रूळ मांडून खाली वीट ठेवून चढ केला. सर्वेशरावांचं इंजिन सुसाट वर! सरांचं चढाला लागलं, गुरगुरलं आणि घसरत मागे आलं.

मारोतरावांचा चेहरा पडला. "आसं कसं? दुकानात नव्या मशिनीचं एकच उरलं व्हतं. थोरले जावई म्हणून गुपचूप तुमच्याच खोक्यात घातलं! त्या दुकानदारानं मला फशिवलं. उद्या जाऊन भांडतोच!"

म्हणजे एका स्क्रूवालंच नवं! सरांचा धोंडा घशाशी आला. "नका मामा! ऱ्हाऊ द्या!"

तेवढ्यात सर्वेशराव उठले आणि आपलं इंजिन सरांच्या हातात ठेवलं. "दादा, हे घ्या. छंद तर मला तुमच्यामुळंच लागला ना!"

सरांनी ते नजर चुकवत घेतलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मन असावं तर असं!"

ते इंजिन आता सरांच्या शोकेसमध्ये आहे. येईल त्या पाहुण्याला सरांची बायको विशाखा कौतुकानं सांगते, "आमच्या सर्वेशरावांनी दिलं बरं का! लई मोठ्या मनाचा माणूस!"

चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, हे शिकवताना हल्ली सरांचा आवाज जरा खाली येतो.