आकाशपाळण्यातला मेंढका

लेकरं रंगवायची आयडिया महीच होती, हे पयलंच सांगून टाकतो. बाबानं विचारलं तवा मी चुलत्याच्या शिवहारचं नाव घेतलं होतं, पन तो सहा वर्साचा हाय. त्याला सोताचं नाक पुसायची आयडिया येत न्हाई.

आमच्या घरी दसऱ्याची एक रीत हाय. पोरगं भरवशाचं झालं की बाप त्याच्या हातात काठी देतो आन् दुसऱ्या दिवसापून मेंढरं त्याची. मह्या चुलतभावाला चौदाव्या वर्सी काठी भेटली. मला पंधरावं लागलं, आठवीत दोनदा बसून झालं (बेंच आता वळखीचा हाय), पन काठीचं नाव न्हाई. बाबाचं म्हननं एकच, "ज्यानं हेडमास्तरच्या खुर्चीला बकरं बांधलं, त्याच्या हाती मी मेंढरं देऊ व्हय?"

बकरं एकदाच बांधलं होतं. लोकं किती ध्यानात ठेवतेत.

त्या साली हिंगोली नवीनच जिल्हा झाला होता. जिल्हा झाला म्हंजी दसऱ्याच्या जत्रेत पाळने बी मोठे आले असतील, असं बाबाला वाटलं. म्हून आमी सिद्धेश्वरहून काळीपिवळी जीपीत कोंबून दसऱ्याच्या मैदानात गेलो. माय, बाबा, मी, मही आठ वर्साची बहीण अंजली, आन् चुलत्याचे दोन लेकरं, शिवहार आन् चार वर्साची सत्यशीला. माय-बाबाला घोंगड्या इकायच्या होत्या. ते मैदानाच्या तोंडाशीच बसले.

बाबानं काठी मांडीवर आडवी ठेवली आन् मला म्हनला, "हे तीन लेकरं. पाळन्यात बसव, खाऊ घाल, आन् दिस मावळायच्या आत तिन्हीच्या तिन्ही वापस आन. आनलेस तर ही काठी तुही."

"आन् एखांदं कमी आलं तर?"

"तर तू बी येऊ नको."

आत पाहतो तर मानसाला मानूस चिटकलेलं. मी खरा मेंढक्याचा पोऱ्या, लगेच डोकं चालवलं. बाजारात दोघाचे कळप मिसळले तर काय करतेत? पाठीवर खूण पाहतेत. सकाळीच बाबानं मेंढरायसाठी लाल रंगाची बाटली घेतली होती, आन् ती मह्याच पिशवीत होती. तिघायला वळीत उभं केलं आन् नव्या कपड्यायवर पाठीमागून एक-एक ठिपका हानला, पोळीएवढा.

"काहून लावलास रं भाऊ?" अंजलीनं विचारलं.

"जे मेंढरू लई भटकतं त्याला आधी रंगवावं लागते."

"मंग तुला?"

"मेंढक्याला कोन रंगवतं व्हय, येडे?"

मंग बाटली बाजूला ठेवून मी खाली बसून सत्यशीलाच्या चपलीचा पट्टा लावू लागलो. तेवढ्यात अंजलीनं मह्या पाठीवर चापट मारली.

"माशी होती," ती म्हनली.

बहीण असावी तर अशी, मला वाटलं.

मैदानात फिरलो तवा लोकं मह्याकडं वळू वळू पाहत होते, पोरी तर तोंडाला पदर लावून हासत होत्या. मी त्या दिवशी केसायला लई खोबरेल लावलं होतं. मला वाटलं, लागू झालं.

लेकरायला हातानं फिरवायच्या लाकडी घोड्यायवर बसवलं. घोडेवाला बाबूसिंग म्हनला, "पाच मिनट में रुकता है, टाइम पे आना."

बाजूलाच आकाशपाळना. मी जन्मात कवा त्याच्यात बसलो नव्हतो, पन शाळेत सगळ्यायला सांगून ठेवलं होतं की नांदेडला सात बार बसलो. पाच मिनटं होती. एक चक्कर मारावी, इकडं घोडे थांबले की तिकडून उतरावं, असा बराबर हिशोब केला. (गनितात मी दोन्ही वर्सी नापास हाय, हे त्या टाइमाला आठवलं न्हाई.)

मह्यासमोर एक जाडेजुडे गृहस्थ बसले. विष्णुपंत, कचेरीत कारकून, नातीच्या हट्टापायी तिकीट काढलं आन् नात खालीच राहिली. पाळना वर गेला. खाली आला तवा महं पोट वरच राहिलं होतं. दुसऱ्यांदा आमी बराबर टोकाला पोचलो आन् पाळन्याचं जनरेटर खोकललं, थुकलं आन् बंद पडलं.

"हलू नका हो," विष्णुपंत म्हनले.

"मी न्हाई हालून राहिलो. पाय हालून राहिले."

तेवढ्यात मी खाली पाह्यलं. घोडे थांबले होते. गर्दीत तीन लाल ठिपके उतरले, एकमेकाचा हात धरला आन् चालू लागले. रंग मातर झकास दिसत होता, आर्ध्या मैदानातून वळखू येईल असा. पन ते ठिपके मह्याकडं येत नव्हते. ते दूर चालले होते, आन् मह्या मनात बाबाची काठी बी त्यायच्या संगं चालली होती.

मी वरडलो. कोन ऐकते? शेवटी मेंढरं वळवायची हाळी दिली, "हुर्र, हुर्र, हाऽऽ." एवढ्या गर्दीत एका बोकडानं तेवढी मान वर केली.

"रडताय का?" विष्णुपंतानं विचारलं.

"डोळ्यात धूळ गेली."

"इतक्या वर?"

मी उत्तर देनार, तेवढ्यात हरवल्या-सापडल्याच्या मंडपातला भोंगा वाजला.

"लक्ष द्या. एक मुलगा हरवला आहे. नाव बजरंग संपतराव, राहणार सिद्धेश्वर. वय पंधरा." मधीच बारीक आवाजात, "पंधराच ना गं बाळ?" मंग पुन्हा मोठ्यानं, "पंधराच. अंगात चौकटीचा शर्ट, पाठीवर मोठा लाल ठिपका. त्याला सोबत घेऊन आलेली तीन लहान मुलं मंडपात वाट पाहत आहेत. बजरंग, घाबरू नकोस बाळा."

लगेच अंजलीचा आवाज आला, "भाऊ, जिथं हायेस तिथंच बस. हालू नको."

जसं काई मी हालनार होतो.

विष्णुपंतानं मह्या शर्टाच्या चौकटी पाह्यल्या. "जरा वळा पाहू," म्हनले. मी हळूच वळलो. पाळना करकरला. त्यायनं ठिपका नीट पाहून घेतला. मंग मह्या खांद्यावर हात ठेवून म्हनले, "सापडलात हो तुम्ही."

त्यायनं वरूनच हाळी दिली, "बजरंग इथे आहे." आता मातर सगळं मैदान वर पाहू लागलं. हळूहळू केसायच्या तेलाचा खुलासा मला झाला.

डिझल आलं, पाळना उतरला. खाली बाबा काठी घेऊन उभा होता. बाजूला तिन्ही लेकरं, अंजलीच्या हातात सत्यशीलाचा हात, सत्यशीलाच्या हातात शिवहारचा. माय त्यायच्या नव्या कपड्यायची पाठ पाहून मह्याकडं बघत होती. ते बघनं मी इथं लिहीत न्हाई.

मी हिंमत केली. "बाबा, तिन्हीच्या तिन्ही वापस आले ना? दिस बी मावळला न्हाई. ठरल्याप्रमानं."

"आले," बाबा म्हनला. "पन आनले कुनी?"

शिवहारनं लगेच अंजलीकडं बोट केलं. नाक पुसायची आयडिया न्हाई, पन बोट बराबर दाखवतो.

"तू काहून गं ह्याला रंग लावलास?" बाबानं तिला विचारलं.

"भाऊच म्हनला, जे लई भटकतं त्याला आधी लावतेत."

बाबानं काठी उचलली. मी डोळे मिटले. मार लागला न्हाई म्हून उघडले, तर काठी अंजलीच्या हातात. तिच्यापेक्षा दीड हात उंच.

आता रोज सांजच्याला अंजली मेंढरायच्या वाड्याच्या तोंडाशी उभी ऱ्हाती आन् काठीनं मोजती. पयले मेंढरं, मंग कोकरं, मंग कुत्रं. महा नंबर कुत्र्याच्या नंतर येतो. आन् ज्या दिवशी मी उशीर करतो, त्या दिवशी ती बाबाला वरडून सांगती, "सगळे आले बाबा. लाल ठिपक्याचं तेवढं बाकी हाय."