उलट्या पावली माय उतरते तेव्हा

आमचे घरमालक तात्या पाहुण्याला बसवत नाहीत, लावतात. पाहुणा खुर्चीकडे पाठ करून उभा राहिला की पंजा हलवत म्हणतात, “येऊ दे, येऊ दे, डावी मार... बस्स.” आणि तो टेकला की खुर्चीवर दोन थापा.

दिघीच्या जेट्टीवर गाड्या फेरीबोटीत उलट्या चढवतात, म्हणजे पलीकडे आगरदांड्याला सरळ उतरतात. तात्यांनी निवृत्तीपर्यंत ड्रायव्हरांना पंजा दाखवत तेच काम केलं. नोकरी सुटली, पंजा सुटला नाही. बायको वारली, मुलगा पनवेलला. आता ताटातल्या भातावर वरणसुद्धा ते याच हुकमाने ओततात.

मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला, इथे पंक्चरच्या दुकानात. अनोळखी माणसाला खोली फक्त तात्यांनी दिली. त्यामुळे मला हसायचं झालं तर मी मोरीत जाऊन हसतो.

श्रावणात माय पहिल्यांदा आली. स्तूप तिने कॅलेंडरवरच पाहिलेला. कुड्याच्या लेण्यातल्या स्तूपाला एकदा हात लावायचा, एवढंच तिचं मागणं. तिचे गुडघे गेलेले. पण मला गुडघ्यांपेक्षा धास्ती तात्यांची, कारण न बोलावताच ते रिक्षात आधी जाऊन बसले होते.

लेण्यात मायने स्तूपाला हात लावला आणि डोळे मिटून उभी राहिली. तात्या मागे पर्यटकांना खांबांमधे पार्क करत होते. “लाल छत्री, अजून मागं.” एकाने चिडून विचारलं, तुम्ही इथले साहेब का? तात्या म्हणाले, “न्हाय, जेट्टीचा.” मी खांबाआड सरकलो. हे माझ्यासोबत आलेत हे कुणाला कळू नये, असं वाटलं खरं.

उतरायची वाट धबधब्याला लागून. धबधबा केवढा, तर तात्यांच्या मते त्यांची टाकी याहून जोरात गळते. पण पायऱ्यांवर शेवाळ. मधेच माय खाली बसली. “लेकरा, मला न्हाई उतरवत.” मी तिचा हात धरला, तर ती पायरीला आणखीच चिकटून बसली.

तात्या चपला काढून खाली पाण्यात पाय रोवून उभे राहिले.

“ताई, तोंड डोंगराकडं करा. मागं बघायचं न्हाय. मी हाय.”

माय वळली. वरच्या पायरीला हात टेकून, उलट्या पावली, एकेक पायरी.

“येऊ दे... येऊ दे... उजवा पाय... अजून वीतभर... बस्स.”

माय लहान पोरीसारखी हसली. तात्यांनी शेजारच्या दगडावर दोन थापा मारल्या.

दोन दिवसांनी ती एसटीत बसली. खिडकीतून म्हणाली, “भाऊ, आमच्याकडं या आता.” दिवसभर सगळ्यांना हुकूम सोडणाऱ्या तात्यांनी एसटीच्या पत्र्यावर नुसत्या दोन थापा मारल्या. गाडी सुटली, वळणाआड गेली. मी घराकडे निघालो. पाठीमागे चपला वाजेनात म्हणून वळून पाहिलं.

तात्या तिथेच उभे होते. समोर रिकामा रस्ता, आणि छातीशी धरलेला पंजा हळूहळू हलत होता. येऊ दे, येऊ दे.