गव्हाणे हवालदार आणि पहिलं पाऊल

माझ्या लग्नात गव्हाणे हवालदारांनी शिट्टी मारली.

अंतरपाट धरलेला होता. भटजी शेवटच्या मंगलाष्टकाकडे आले होते आणि मी दोन्ही हातांत हार धरून, घाबरून, उगाचच पुढे सरकत होतो. तेवढ्यात मांडवाच्या कडेने कर्कश शिट्टी आली. बँडवाल्यांना वाटलं, इशारा झाला. त्यांनी एकदम सुरू केलं. बँड वाजला म्हणून लोकांनी उरलेल्या अक्षता उधळल्या, अंतरपाट खाली आला आणि मुहूर्ताच्या जरा आधीच माझं लग्न लागलं. पुढे घरात दूध नासलं तरी सासूबाई त्याचं कारण त्या शिट्टीत शोधायच्या.

दुसऱ्या दिवशी हवालदार माफी मागायला आले. "भाऊसाहेब, चुकलं माझं. पर तुमी हातात धरून चालला व्हता. ट्रावलिंग हाय ते. शिट्टी आपसूक वाजली."

मी म्हणालो, चूक माझीच. कुणी काही म्हटलं की मला चूक आपलीच असावी असं वाटतं. स्वभाव आहे.

आता ज्यांनी बास्केटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा. हातात धरून उभं राहिलात की एक पाय खिळवून ठेवायचा, दुसराच हलवायचा. पळता पळता चेंडू मिळाला तर दोन पावलांत काय तो सोडायचा. ह्याहून जास्त चाललात की ट्रॅव्हलिंग, आणि चेंडू समोरच्यांना. एवढा साधा नियम. पण सन पंचावन्नच्या सुमाराला पिंपरीत ह्या नियमाने जेवढं रान उठवलं तेवढं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनेही उठवलं नसेल.

गव्हाणे इथल्याच मातीतले. माळावर नवा कारखाना आला त्यात त्यांचं शेत गेलं आणि ते गेटवर जमादार झाले. त्याआधी लढाईच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत हवालदार होते. तिथे एका कॅप्टनने त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि नियम पाठ करून घेतले. खेळायला मात्र त्यांना कुणी घेतलं नाही. जवान खेळायचे, हवालदार शिट्टी मारायचे. कारखान्याच्या साहेबांनी वसाहतीत बास्केटबॉलचं मैदान आखून घेतलं, तेव्हा पंचगिरी त्यांच्याकडे आपोआप आली. मी टाइम ऑफिसातला कारकून, म्हणून गुण मांडायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच सामन्यात चिखलीहून कारखान्यात येणाऱ्या दगडूने चेंडू पोटाशी धरला, श्वास कोंडून 'हुतूतू' करत पलीकडच्या जाळीपर्यंत गेला, वाटेत दोघांना शिवून परतही आला आणि "दोन मेले!" म्हणून हात वर केला. हवालदार शिट्टी वाजवून वाजवून लाल झाले होते.

मग त्यांनी सगळ्यांना मैदानात बसवून शिकवलं. "खळ्यावर मधी तिवडा रोवत्यात का न्हाई? बैल त्याच्याभवती फिरत्यात. तसा तुमचा एक पाय म्हंजी तिवडा. तिवडा कधी चालतो व्हय रं?" पोरांना पटलं. तिवडा म्हणजे खळ्यातला खांब, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पण हवालदारांना ट्रॅव्हलिंग मैदानाबाहेरही दिसायला लागलं. पार्सल घेऊन आत येणारा हमाल, छातीशी फायली धरलेला शिपाई, कुणाचीच सुटका नव्हती. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वहिनी चुलीवरचं पातेलं दोन्ही हातांनी उचलून आमच्याकडे निघाल्या. हवालदार ओरडले, "अगं पाय! पाय!"

वहिनी तिथेच थांबल्या. "मंग काय आपटत आणू का कालवण?"

अशा माणसाला मैदानात उभं राहून कुणी चूक म्हणेल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणणारा भेटला तो लोकूमल. हा पिंपरीच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीत राहायचा आणि सायकलीला गाठोडं बांधून बनियन-मोजे विकायचा. एका संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला थांबला होता. हवालदारांची शिट्टी वाजली आणि तो शांतपणे म्हणाला, "ये ट्रॅव्हलिंग नहीं है, साईं."

हवालदार तरातरा त्याच्यापाशी गेले.

"तुमी कोन?"

"मी कराचीमधे खेळत होतो. क्लबची टीम होती."

त्या दिवसापासून पाचचा भोंगा झाला की गेटजवळच्या बाकावर वाद सुरू व्हायचा. प्रश्न एकच: पळता पळता चेंडू हातात येतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो, ते पहिलं पाऊल धरायचं की नाही? हवालदार म्हणायचे, धरायचं. लोकूमल म्हणायचा, नाही.

"बॉल अभी आ रहा है, साईं. मेहमान दारात आहे. घरात आला कुठे? बसल्यावर मोजा ना!"

"आमच्याकडं पाव्हणा दारात आला की पाय धुवाया पानी देत्यात. पानी दिलं म्हंजी आला!"

"आणि पाणी दिल्यावर तो परत गेला तर?"

"आमच्या दारातनं पाव्हणा तसा जात न्हाई!"

मग दोघंही माझ्याकडे वळायचे. "भाऊसाहेब, तुमी सांगा." मी दोघांनाही तुमचंच बरोबर म्हणायचो. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत व्हायचं, की भाऊसाहेबांना काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. चेंडू कधी घरंगळत लोकूमलच्या पायाशी आला, तर तो सायकल बाजूला घ्यायचा. चेंडूला हात लावायचा नाही.

देहूरोडच्या डेपोच्या संघाशी सामना ठरला. लोकूमलने बाकावर बसूनच दगडूला आपली कराचीची चाल समजावून दिली होती. अगदी शेवटी आम्ही एका गुणाने मागे असताना दगडूने पळता पळता चेंडू घेतला, लोकूमलने सांगितली होती तशी पावलं टाकली आणि चेंडू जाळीतून खाली पडला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मग शिट्टी ऐकू आली.

"ट्रावलिंग!"

आम्ही हरलो. लोकूमल गाठोडं टाकून मैदानात धावला. "कराचीत हे बास्केट दिलं असतं!"

हवालदारही तापलेले. "मंग ऱ्हायचं व्हतं कराचीत!"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. लोकूमल मागे फिरला. त्याने गाठोडं उचललं, त्यावरची धूळ झटकली, सायकलीला नीट बांधलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्या आठवड्यात आलाच नाही. हवालदार बाकावर बसून माझ्याशी वाद घालायचा प्रयत्न करायचे. मी हो म्हणायचो. "तुमी हो म्हणताय, त्यात काय राम हाय?" असं म्हणून ते उठून जायचे. एका रविवारी फेटा बांधून माझ्या दारात उभे राहिले. "चला छावणीत. एकट्याला जायाला लाज वाटती."

बराकीत लोकूमल जमिनीवर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा बदलला नाही. त्याच्या बायकोने मात्र काही न विचारता आमच्यासमोर भाजलेला पापड आणि पाणी ठेवलं. ही त्यांची रीत.

हवालदार पाणी प्याले. "नियमाचं मी बोलत न्हाई. नियम माझाच बरुबर हाय. पर दुसरं जे बोललो ते तोंडातनं जाया नको व्हतं. माझं रान गेलं तवा मला कुणी तसं बोलला असता, तर त्याला जित्ता सोडला नसता."

लोकूमलने हातातली मोज्यांची जोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "टीममधे आम्ही पाच जण होतो, साईं. माझ्या उजव्या अंगाला हशू असायचा. फाळणीत सगळे विखुरले. कोण कुठे आहे, माहीत नाही. बॉल हाथ में आएगा, तो पास किसको दूँ?"

हवालदारांनी पापड मोडला. कडकन आवाज झाला.

"मी हाय की," ते म्हणाले. "मला खेळाया येत न्हाई. पर झेलीन."

लोकूमल त्यांच्याकडे बघत राहिला. आतून त्याची बायको सिंधीत काहीतरी म्हणाली, तेव्हा तो हसला आणि उठला.

मैदानात आम्ही तिघंच होतो. लोकूमलने चपला काढल्या. चेंडू दोनदा आपटला, तळव्याने थोपटला आणि मग हा बनियन विकणारा, पोट सुटलेला माणूस असा काही पळाला की मी बघतच राहिलो. चेंडू वर उडवला, पळता पळता झेलला, पाऊल, पाऊल, आणि जाळी हलली. वादातलं तेच पाऊल. मी हवालदारांकडे पाहिलं. शिट्टी छातीवर लोंबत होती. ते दोन्ही हात पुढे करून, गुडघे वाकवून, पासची वाट बघत होते.

लोकूमल दुसऱ्यांदा निघाला. ह्या खेपेला त्याने जाळीकडे फेकलं नाही. बघितलंही नाही, नुसता उजव्या अंगाला चेंडू टाकला आणि ओरडला, "हशू, ले!"

आणि जागीच थबकला.

गेटवर कुणी नुसतं 'गव्हाणे' म्हटलं, मागे हवालदार लावलं नाही, तर मान न वळवणारा हा माणूस. चेंडू त्यांच्या छातीवर धाडकन आदळला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि फेटा कानावर उतरला होता.

"बगत काय ऱ्हायलास?" त्यांनी चेंडू धान्याच्या पोत्यासारखा परत फेकला. "पळ की! टाक परत."