इवायाचा उजवा पाय

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. चौथीपर्यंत शिकलो, पुढं नागपुरात लकडगंजच्या आरामशीनवर लाकडं कापण्यात जन्म काढला. तरी हाताची सगळी बोटं शाबूत आहेत. आमच्या धंद्यात हीच डिग्री. तेव्हा मी कशाला भीत नाही, असा माझा समज होता. तो शालिकरावांनी मोडला.

शालिकराव म्हणजे माझ्या सुषमाचे सासरे, माझे इवाई. त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो. गाडीतच नव्हे, कुठंही. टीव्हीत एखादी बस घाटाच्या वळणावर आली, की सोफ्यावर बसल्या बसल्या यांचा पाय फरशीत रुततो. पंगतीत वाढपी वरणाची बादली घेऊन जोरात आला, की पत्रावळीपुढं ब्रेक. सुषमाच्या लग्नात मी हार घेऊन जरा वेगानं पुढं झालो, तर यांनी भर मांडवात पाय दाबला. मला वाटलं, इवाई पाय आपटून राहिले, काही मागणं राहिलं की काय!

सरकारी कचेरीत बाबू होते. बायको गेल्यावर शहराच्या टोकाला बेसाला घर बांधलं, एक जुनी चारचाकी घेतली. गाडीपेक्षा तिच्या ब्रेकवर जीव जास्त. "पळाले त कोनतीबी गाडी पळते जी," ते म्हणत, "थांबली पाहिजे." हे ते भाजीवाल्यालाही ऐकवत. गाडी घरापुढं उभी असली, हॅन्डब्रेक ओढलेला असला, गिअरमध्ये असली, तरी चाकाखाली विटा असतातच.

सुषमाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. जावई नोकरीसाठी पुण्याला, घरात सून आणि सासरा दोघंच. मी फोन केला, "इवाई, पोरीले न्याले येतो."

"तुमी कायले येता? मी गाडीनं आनून सोडतो. फक्त ब्रेकचे पॅड बदलवून राहिलो. घरीच. दुसऱ्याच्या हातचा भरोसा नाई."

पॅड म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या जाड पट्ट्या. झिजल्या की बदलायच्या. मला वाटलं, एका दुपारचं काम.

दुपार कुठली! सकाळी फोन केला की नवीनच काही. दुकानदारानं दुसऱ्याच गाडीचे दिले. बदलून आणले. मग म्हणे पॅडचे कान खाचेत अडकून राहिले. मग म्हणे नवे पॅड जाड आहेत, पॅडला ढकलणारा आतला दट्ट्या मागं सरकत नाही. मग क्लिपच उलटी लागली. असं करता करता आठवा लागला. मग एका रविवारी मी जरीपटक्याच्या माझ्या घरून निघून बेसा गाठलंच.

गाडी जॅकवर होती. शालिकराव चटई टाकून चाकापुढं बसले होते, एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

"जय भीम इवाई. किती बाकी?"

"बसत नाई जी."

"बसत नसन त कानस मारा. लाकूड बसलं नाई त आमी रंधा मारतो."

ते असे दचकले, की उजव्या पायासोबत चटई पुढं गेली. "ब्रेकले कानस? तुमची पोरगी बसनार आहे याच्यात!"

"म्हनूनच म्हनतो, ऑटो करतो."

"माही सून ऑटोत जाईन? लोक काय म्हनतीन?"

मी पडलो मुलीचा बाप. इवायापुढं फार बोलायची सोय नाही. पण अडून बसणं मला येतं. स्टूल आणलं आणि त्यांच्या डोक्यावर बसलो. "आज नेल्याबिगर हालत नाई."

मग त्यांनी तारेच्या ब्रशनं खाचेतला गंज घासला. मला तर गंज कुठं दिसला नाही. शिकंज्यात धरून दट्ट्या मागं दाबला, पॅड सरकवले. टक्कन बसले! घरच्या गाईनं गोठ्यात जावं तसे. दुसरं चाकही तसंच. मला नवल वाटलं, पण म्हटलं, बसले ना, झालं.

"आता ट्रायल," ते म्हणाले. "तुमी बाजूले बसा. हा लोटा मांडीवर धरा." लोटा काठोकाठ भरलेला. "पानी सांडलं त ब्रेक धचका देऊन राहिला समजा. पोरीले धचका नाई लागला पाहिजे."

मी म्हणणार होतो, तुम्हीच जा. पण सुषमा दारात उभी होती. बाप भितो हे पोरीला कशाला दाखवा? बसलो.

त्यांची गल्ली उताराची. टोकाला कोणाच्या तरी बांधकामाची रेती पडलेली आणि तिच्यापुढं मोठा रस्ता, त्यावर ट्रक धावणारे. गाडी घरंगळली, वेग घेतला. "दाबतो," ते म्हणाले. दाबला. पेडल सरळ तळाला गेलं, पाय डबक्यात जावा तसं. गाडी काही थांबेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढा पांढरा चेहरा मी माणसाचा पाहिला नव्हता, आणि माझा मला दिसत नव्हता. समोरून ट्रकचा हॉर्न आला. मी दोन्ही पायांनी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. त्यांचा तो पाय मला त्या घटकेला समजला.

"थांबव गा!" मी ओरडलो. सख्ख्या इवायाला मी 'अरे' म्हणावं तसं 'गा' म्हणालो!

त्यांनी हॅन्डब्रेक ओढला, चाक रेतीकडं वळवलं. गाडी ढिगात नाक खुपसून थांबली. लोटा सगळा माझ्या पायजम्यात.

मग ते पुटपुटले, "दट्ट्या मागं दाबला का पेडल चार-पाचदा मारावं लागते. तवा पॅड तबकडीले भिडते. राहूनच गेलं जी. तुमी डोक्यावर बसून होते." त्यांनी पेडल मारलं, पुन्हा पुन्हा मारलं. हळूहळू ते कडक झालं. मी हातानं दाबून पाहिलं. दगड.

सुषमा पोट सावरत आली. माझ्या पायजम्याकडं पाहिलं.

"लोट्याचं पानी आहे," मी म्हणालो.

"हो बाबा," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नाही.

मग त्या गल्लीत फेऱ्यांवर फेऱ्या. लोटा भरायचा, ब्रेक दाबायचा. आधी पाणी सांडे, मग ओघळे, शेवटी नुसतं थरथरलं. तरी मी सुषमाला बाजूला घेतलं. "ऑटोच करू वं."

"मी मामाजीच्याच गाडीत येईन," ती म्हणाली. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. आणि मागं जाऊन बसली.

अख्खं नागपूर आम्ही सायकलींना वाट देत पार केलं. पुढच्या सीटवर दोन म्हातारे, दोघांचेही पाय दाबलेले. दर सिग्नलला मी डोळे मिटे.

जरीपटक्याला उतरलो. शालिकरावांनी बॅगा ओट्यावर ठेवल्या. चहाला थांबले नाहीत.

"मामाजी, बीपीची गोळी घ्याल," सुषमा म्हणाली.

"हो वं माय. घेतो."

ती वळून पायऱ्या चढू लागली. ते गाडीजवळ उभे होते. माझी नजर सहज खाली गेली. त्यांचा उजवा पाय डांबरावर दाबलेला होता. पुढं मागं कुठलीही गाडी नव्हती. ती दारात दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

ते गेल्यावर मी आत येऊन म्हणालो, "काय मानूस आहे! दोन पट्ट्या बसवाले एवढे दिवस!"

"बाबा, पॅड पयल्याच हप्त्यात बसले होते," सुषमा म्हणाली. "मी पाहिलं ना. संध्याकाळी बसवे, सकाळी तुमचा फोन आला का पुन्हा काढे."

"अन् तू मले सांगतलं नाई? काहून?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "सांगतलं असतं त गाडी जॅकवरून खाली आली असती," ती म्हणाली. "मी चहा नेऊन देत होती, ते काढता काढता बोलत राहे. एरवी त्या घरात बोलते कोन?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी सायकल अंगणात काढली. पाना घेतला, दोन्ही ब्रेकचे रबर उतरवले आणि खिशात टाकले. मग इवायांना फोन लावला. "सायकलचे ब्रेक बसून नाई राहिले. मले काही जमत नाई. तुमी या." असं वाक्य माझ्या तोंडून अख्ख्या जन्मात निघालं नव्हतं.

पलीकडून आवाज आला, "हात नका लावू जी. कानस त बिलकुल नाई. मी आलोच." आणि मग जरा हळू, "पन दिवस लागन बरं का."

"लागू द्या," मी म्हणालो.