दहा लाख तीनची वाटणी

दामूअण्णा घोलप गेले, तेव्हा त्यांच्यामागे बायको अनसूयाबाई, यशवंत आणि हणमंत हे दोन मुलगे आणि दहा लाख तीन ही संख्या एवढी मंडळी राहिली. संख्या सोप्यात राहायची. मधल्या पाच शून्यांना बसायला जागा फार लागे, पण बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तेराव्याचं जेवण पचतं न पचतं तोच मुलांनी वाटणी काढली. संख्या वाटली की चुली वेगळ्या होणार, हे अनसूयाबाईंना स्वच्छ दिसत होतं. पण त्यांना विचारतो कोण?

दुपारी भिकोबा पंच आले. त्यांनी रीतीप्रमाणे आधी संख्येला विचारलं, "पोरं तुमचे दोन भाग करायचे म्हणतात. काही हरकत?"

"हरकत नाही, पण जमायचं नाही," संख्या म्हणाली. "मी मूळ संख्या. अख्खी एकाला द्या, नाहीतर दहा लाख तीन वारस आणा. मधलं काही माझ्यात बसत नाही."

"एवढी माणसं आमच्या भावकीत कुठली?" यशवंत म्हणाला.

अनसूयाबाई इतक्या सुखावल्या, की संख्येच्या चहात त्यांनी चमचाभर साखर जास्त घातली.

पण हणमंत कसला गप्प बसतोय! "शेजारच्या शेवंताक्कांकडनं एक उसना आणू. दहा लाख चार झाले की निम्मे तुझे, निम्मे माझे."

"आणि उसना फेडायचा कुणी?" यशवंतनं विचारलं.

"ते मागनं बघू."

पंचांनी विचार केला. "बसतंय नियमात. जा, घेऊन ये."

हणमंत चपला शोधायला लागला. अनसूयाबाई उठल्या, देवापुढे दिवा लावला आणि तुळशीपाशी पणती ठेवली. तीन वाजले होते; अंगणात ऊन नुसतं रखरखत होतं. कुंपणापलीकडे शेवंताक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पणती पाहिली, अनसूयाबाईंचा चेहरा पाहिला, सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन आपलाही दिवा लावला.

हणमंत हात हलवत परत आला. "एक आहे त्यांच्याकडं. पण दिवेलागण झाली म्हणतात."

"मग बरोबर आहे," पंच उठत म्हणाले. "दिवे लागल्यावर घरातलं काही कुणी बाहेर देत नाही. उद्या जरा लवकर येतो."

"हातपाय धुवा रे," अनसूयाबाई म्हणाल्या. "रात्रीचं जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी पंच बाराला आले, तर दिवे लागलेले. तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी आले, तरी तेच. आता त्या आळीत कोंबडा आरवायच्या आधी दिवेलागण होते, आणि लोकांना सवय झाली आहे. घोलपांकडे अजून एकच चूल पेटते. दोघे भाऊ शेजारी शेजारी पाटावर बसतात, त्यांच्या पलीकडे संख्या बसते, आणि अनसूयाबाई शून्यांना आग्रह करकरून वाढतात.