कुलूपकाकांची प्रायव्हसी

पाळण्याचा एक स्क्रू हलत होता, खरं तर एवढंच झालं होतं. तो सुताराकडून बसवून घ्यावा की आपणच बसवावा, यावर कुलूपकाकांनी जेमतेम अर्धा मिनिट विचार केला आणि आपणच बसवायचं ठरवलं. (तीस वर्षं कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाने एका स्क्रूसाठी सुतार बोलवायचा, म्हणजे अब्रूचाच प्रश्न होता.) त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी चार दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती. नातू सगळ्यात आधी आजोबांच्या मांडीवर येणार, हे काकांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

स्क्रू गंजलेला होता. काकांनी जोर लावला, स्क्रूड्रायव्हर सटकला आणि हातात धरलेल्या स्क्रूचं टोक पाळण्याऐवजी काकांच्या तळहातात शिरलं. काकांनी अशी काही बोंब ठोकली की काकू पीठ लागलेल्या हातांनीच धावत आल्या.

"घाबरू नका," हाताला फडकं गुंडाळत काकू म्हणाल्या. "तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच तर धनुर्वाताची लस घेतलीय."

हे ऐकून काका पांढरेफटक पडले. काकूंना वाटलं, रक्त बघून पडले.

त्याचं असं झालं होतं. बाळ येणाऱ्या घरातल्या सगळ्यांनी धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची मिळून एक लस घ्यावी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकू दुसऱ्याच दिवशी जाऊन टोचून आल्या आणि आल्या आल्या स्वयंपाकाला लागल्या. काका गेले शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर. कॉम्प्युटरवरच्या मुलीला नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर सगळं नीट दिलं. मग शेजारच्या माणसाच्या दंडात शिरणारी सुई त्यांनी पाहिली. त्यानंतरचं त्यांना आठवतं ते एकदम बसमधलं. वाटेत त्यांनी मेडिकलमधून एक पट्टी घेतली, दंडाला चिकटवली आणि (सोंग करायचं तर ते मन लावून करावं) घरी दोन दिवस कण्हत पडून राहिले. काकूंनी त्यांना हाताने भरवलं. वर पायही चेपून दिले. दुखणं दंडात आणि चेपणं पायाचं कसं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

आता दवाखान्यात जखम धुऊन झाली आणि नर्सने कॉम्प्युटर पुढे ओढला.

"लस कधी घेतलीय ते बघते. जन्मतारीख सांगा, काका."

काकांनी तारीख सांगितली.

"ती आपल्या लग्नाची," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खरी जन्मतारीख सांगितली.

काकांच्या मोबाईलवर एक कोड आला, तो त्यांनी वाचून दाखवला. नर्सने पडद्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"काका, ही तुमची खाजगी माहिती आहे. काकूंसमोर सांगितली तर चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" काकू म्हणाल्या.

"मी काकांना विचारतेय."

काकूंना वगळून कोणी आपल्याला काही विचारावं, हा अनुभव काकांना नवा होता. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "मला जरा... प्रायव्हसी हवी होती."

"प्रायव्हसी?" काकू उडाल्याच. "आंघोळीला जाताना कडी लावत नाही हा माणूस!"

पण नर्सने दार उघडून धरलं आणि काकूंना बाहेरच्या बाकावर बसावं लागलं.

"दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या केंद्रावर तुमचं नाव नोंदलंय," नर्स हळूच म्हणाली. "पुढे लिहिलंय, लस न घेता निघून गेले."

"पण ते केंद्र कुठे, हा दवाखाना कुठे!"

"लस कुठेही घ्या, नोंद एकाच ठिकाणी जाते. कार्ड हरवलं, घर बदललं, तरी तुमचं पान तिथे असतंच."

काकांना दरदरून घाम फुटला. "म्हणजे मी पळालो हे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"छे हो! जो तुमच्यावर उपचार करतोय त्यालाच दिसतं, तेही कामापुरतं. शहरात किती जणांनी लस घेतली याचा नुसता आकडा वर जातो, तुमचं नाव जात नाही. आणि मी आत्ता तुमचं पान उघडलं ना, तेसुद्धा लिहिलं गेलं. कोणी उघडलं, किती वाजता, कशासाठी. उद्या मी सहज म्हणून शेजारणीचं पान उघडलं, तर मला जाब द्यावा लागेल."

काका थक्क झाले. आजवर हजारो कुलपं त्यांच्या हाताखालून गेली होती. केसांच्या पिनेने उघडणारी, हातोडीला दाद न देणारी, चावी आत ठेवून मालकाला बाहेर काढणारी. पण किल्ली कोणी फिरवली हे स्वतःच लिहून ठेवणारं कुलूप? आणि किल्ली लागली तरी हवं तेवढंच दार उघडणारं? काकांचा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कोणी बनवलं हो हे?" त्यांनी विचारलं. "मला एकदा खोलून बघता येईल?"

"झालं," नर्स म्हणाली.

"काय झालं?"

"इंजेक्शन." ती दंडावर कापूस दाबत होती. "पण लसीचा गुण यायला दोन आठवडे जातात. तोवर बाळाला लांबूनच बघा."

गल्लीत मारलेली फुशारकी काकांना आठवली. पण तळहाताला भलंमोठं बँडेज होतं. हात दुखावलाय, बाळ उचलवत नाही, असं म्हटलं की काम फत्ते. काकूंना दोन आठवडेच काय, जन्मभर काही कळणार नव्हतं.

"सगळं ठीक आहे," बाहेर येऊन काकांनी सांगितलं. इथेच थांबायला हवं होतं. कोपऱ्यापर्यंत ते थांबलेही. पण एवढं अजब कुलूप पाहिलेला माणूस गप्प राहणार किती?

"काय बाई आहे गं ती!" काका गदगदून म्हणाले. "आणि काय ते कुलूप! मी त्या दिवशी सुई बघून पळालो, हे तिला समोर दिसतंय. तू दाराबाहेर बसलेलीस. पण तिने तुला चकार शब्दाने कळू दिलं नाही! अगं, याला म्हणतात बंदोबस्त!"

आणखी दोन पावलं गेल्यावर आपण एकटेच चालतोय, हे काकांच्या लक्षात आलं.

"दोन दिवस," मागून काकूंचा आवाज आला, "मी तुमचे पाय चेपत होते."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली. तिला कुठलंच कुलूप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळ आलं. गल्लीतली माणसं दारात जमली आणि काका आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बाळाने जांभई दिली तेव्हा त्यांचा जीव अक्षरशः तुटला. मुलीला वडिलांची दया आली. तिने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "हे बघा बाबा, याचंही पान तयार झालंय. जन्मल्या जन्मल्या दिलेल्या लसी सगळ्या आहेत."

"चार दिवसांच्या पोराला स्वतःचं पान!" काका पुन्हा हरखले. "आणि हेही कोणी उघडलं की लिहिलं जातं?"

"जातं तर," (शेवटी सुतारानेच नीट केलेल्या) पाळण्याची दोरी ओढत काकू म्हणाल्या. "त्यात तीन लसी आहेत, आणि पळून गेल्याची नोंद एकही नाही."