एक कान डोंबिवलीत

"गॅस बंद कर गो, तिसरी शिटी झाली!"

अशी हाक जिन्यात घुमली की आमच्या विंगमधल्या चार बायका आपापल्या ओट्याकडे धावतात. मीही धावलेली आहे, आणि तीसुद्धा कुकर लावलेला नसताना. पुढे कळलं, की ती शिट्टी कळव्यात झालेलीच नसते. ती डोंबिवलीत होते आणि वनामावशींना आमच्या जिन्यात लसूण सोलता सोलता ऐकू येते.

वनामावशी तळमजल्यावर राहतात. आमची इमारत उभी आहे तिथे एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. वय बहात्तर. गुडघ्याखाली येणारं घट्ट नेसलेलं आगरी लुगडं, कपाळावर कुंकवाऐवजी रुपयाएवढं गोंदण आणि कानात पांढरा इअरबड. एकाच कानात. दुपारच्या जेवणापर्यंत डावा, जेवल्यावर उजवा.

"एक कान कामाव, एक कान घरा," असं त्यांचं म्हणणं.

इअरबडच्या डबीला त्या 'शिवली' म्हणतात. खाडीतली शिवली, म्हणजे शिंपली, उघडते-मिटते तशीच ही. कामावर नसलेला बड शिवलीत, शिवली कमरेच्या पिशवीत, मिश्रीच्या शेजारी. एक चार्ज होतो तोवर दुसरा चालतो, त्यामुळे त्यांची बॅटरी दिवसभरात कधी संपत नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळं वेळापत्रकात बसवते. पण ही युक्ती मला सुचली नसती.

गेल्या वर्षी मलाच इअरबड घ्यायचे होते. यादी केल्याशिवाय मी कोथिंबीरही आणत नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. 'वायर नाही', 'हात मोकळे' एवढं लिहून अडकले. इमारतीत रोज चौदा तास इअरबड वापरणारं माणूस एकच होतं. वही घेऊन खाली गेले.

"तोटं लिव आधी," मावशी म्हणाल्या. "कानान घाम येतो. कानान तेल घालता येत नाय. आन् भाकरी."

"भाकरी?"

"पिठान परला. सून थापत होती, तिना बी नाय दिसला. तव्याव भाकरी फुगली नाय तवाच समजाला पायजे होता. हरेशच्या दाताखाली आला."

"मग फेकून दिलात?"

"कशाला फेकू? हा काय, वाजतंय अजून!" त्यांनी कानातला काढून दाखवला. तव्यावरून आणि मुलाच्या दातांखालून जाऊन आलेला बड. मी तो हातात घेतला आणि आदराने परत दिला.

"आणि फायदा?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "सुनेला वाटतंय, मना ऐकाला येत नाय. मग ती तिच्या आयशीला फोनवर खरा काय तो सांगते."

"काय सांगते?"

"माझ्या कालवनान मिरची जास्त परते. खरा हाय बाय. मी कमी केली."

मी 'घरात शांतता' असं डावीकडे लिहिलं.

"पण दिवसभर ऐकता काय? भजनं? मालिका?"

"धर्मी," मावशी म्हणाल्या. जणू ते एखाद्या रेडिओ केंद्राचं नाव असावं.

धर्मीबाई म्हणजे त्यांची जोडीदारीण. लग्नाआधी दोघी कळव्याच्याच, नंतर धर्मीबाई मुलाबरोबर डोंबिवलीला राहायला गेल्या. सकाळी सातला मावशी फोन लावतात, तो रात्री जेवणं होईपर्यंत चालू. तिकडे धर्मीबाईंचा फोन ओट्याजवळ स्पीकरवर उभा असतो. म्हणून कळव्यातून हाक मारली की डोंबिवलीतली सून गॅस बंद करते. बिचारीला एकाच घरात दोन सासवा आहेत, एक बसलेली आणि एक ऐकू येणारी.

"एवढं काय बोलता दिवसभर?"

"बोलत नाय गो. ती थंय तांदूल निवरते, मी हंय लसून सोलतंय. नुसत्या असतो."

चाळीस वर्षं या दोघी धवलारणी होत्या. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवला गातात. ती गाणारी ती धवलारीण. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. वनामावशी टाकणाऱ्या, धर्मीबाई झेलणाऱ्या. हळदीच्या धवल्यात देवांना आमंत्रण जातं आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला नावाने. मावशींना खाडीकाठच्या प्रत्येक जुन्या घरातले तीन पिढ्यांचे गेलेले पाठ आहेत. कागदावर एक अक्षर नाही. मी म्हटलं, लिहून ठेवू या. अकरा पानं भरली, माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "हा नुसता मांडव झाला. आता हलद घे." यादी ठेवणाऱ्या बाईने एवढी मोठी यादी डोक्यात बाळगणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. मी वही मिटली.

या वर्षी मावशींच्या नातीचं, प्रणालीचं लग्न ठरलं. आणि त्याच्या दोन महिने आधी धर्मीबाई आजारी पडल्या. "पायातली ताकद गेली," मावशींनी सगळ्यांना सांगितलं. "येवाला नाय जमायची."

हरेशने तोडगा काढला. "आई, डीजेवाल्याकडे धवले हायेत. रीमिक्स."

"त्याच्यान तुझ्या आज्याचा नाव हाय?"

हरेशने मोबाइल खिशात घातला.

"मग तो कसा येल हलदीला? त्याला कोनी बोलवला?"

"तू एकटी गा मग."

"एकटीचा धवला नसतो. टाकला आन् कोनी झेलला नाय, तर खाली परतो."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात. "सेक्रेटरीन, वही कार."

बेत साधा होता. धर्मीबाई डोंबिवलीहून झेलणार, मावशींच्या कानात. मी लगेच सुधारणा सुचवली. फोन डीजेच्या स्पीकरला जोडला, तर अख्ख्या मांडवाला दोघींचा धवला ऐकू जाईल. मावशींनी मान हलवली. "नको. धर्मीचा आवाज सगल्यांना म्हाईत हाय. तो हाय तसा ऱ्हाऊ दे."

"पण मग लोकांना अर्धाच ऐकू येणार."

"अर्धा त्यांना, अर्धा मना."

मला हा हट्ट कळला नाही, पण वहीत 'स्पीकर नाही' असं लिहून खाली दोनदा रेघ मारली. बाकीची तयारी माझी. शिवली पूर्ण चार्ज. फोनवर दुसरे कॉल बंद. डोंबिवलीच्या सुनेला वेळेची सूचना. कॉल तुटला तर मला लगेच कळावं, म्हणून दुसरा बड माझ्या कानात. तालीमही झाली, पण तेव्हा ऐकलं ते एकट्या मावशींनी. आवाज अर्धा श्वास उशिरा पोचतो, हे त्यांच्या सांगण्यावरून तोट्यांत वाढवलं.

हळदीच्या सकाळी मांडवात माणसाएवढे स्पीकर धडधडत होते. मावशी थेट डीजेवाल्यासमोर उभ्या राहिल्या. "बाला, तुझ्या बापाच्या हलदीला मी गायलंय. याचा बटन कंचा?" त्याने निमूटपणे मेन स्विचच पाडला.

प्रणाली पाटावर बसली. मावशींनी पहिली ओळ टाकली आणि थांबल्या. माझ्या कानात, अर्ध्या श्वासाने, उत्तर आलं. सूर बरोबर होता, शब्द मात्र विरघळल्यासारखे. मी नेटवर्कला दोष दिला. पुन्हा ओळ, पुन्हा तसंच. सूर होता, शब्दाचं शेपूट होतं, मधलं नव्हतं. समोरच्या बायकांना दिसत होती ती फक्त एक म्हातारी, ओळीओळीला दम खाणारी.

देव झाले. सासरे झाले, सासू झाली. पुढचं नाव मावशींच्या यजमानांचं, म्हणजे पाटावर बसलेल्या मुलीच्या आजोबांचं. नवऱ्याचं नाव मावशींनी जन्मात उच्चारलेलं नाही. म्हणून या एका घरात ती ओळ त्या नुसती सुरू करायच्या आणि नाव धर्मीबाईंनी घ्यायचं, अशी दोघींची रीत. मावशींनी ओळ टाकली.

माझ्या कानात काहीच नाही. फोन बघितला. कॉल चालू होता.

मग आलं, "बा…" आणि थांबलं. पुन्हा "बा…" जीभ उचलत नव्हती. गेली होती ती फक्त पायातली ताकद नव्हे, हे मला तिथे, हळदीच्या वासात, कळलं.

बायका कुजबुजायला लागल्या. "इसरली गो." "वय झाला." हरेश पुढे आला. "आई, दमलीस. ऱ्हाऊ दे आता, झाला तेवरा बस."

मावशींनी हळदीचा हात वर करून त्याला थोपवलं. खोकल्या. पाणी मागितलं. पेला ओठाला लावून घोट घोट घेत राहिल्या. पाटापुढचे तांदूळ सारखे केले, पुन्हा विस्कटले, पुन्हा सारखे केले. मी बहात्तर वर्षांच्या बाईला ऐंशी माणसांसमोर विसराळूपणाचं सोंग घेताना पाहत होते आणि माझ्या कानात दुसरी बाई एकेक अक्षर ओढून वर आणत होती.

"बा… ला…" मोठा श्वास. "…राम."

सुरात.

मावशींनी पेला खाली ठेवला आणि पुढची ओळ टाकली.

सगळं आटोपल्यावर एक नातेवाईक बाई त्यांच्याजवळ येऊन बसली. "वनामावशी, आता तुला पयल्यासारखा नाय जमत गो. मधीच गप झालीस."

"नाय ना बाय," मावशी म्हणाल्या. इअरबड अजून कानातच होता, कॉल अजून चालू होता, आणि त्यांनी आवाज जरा चढवला. "म्हातारी झालंय मी. धर्मी बाजूला असती, तर तिना सांभालून घेतला असता."

माझ्या कानात, तिकडे डोंबिवलीत, कोणीतरी जोरात नाक ओढलं.